परक्या पाहुण्याची मुदत

‘अतिथि’ या शब्दाची फोड जुन्या पंडितांनीं मोठी मार्मिक केली आहे. ज्याच्या येण्याला तिथि ठरलेली नाहीं, तो अतिथि. स्मृतिकारांनीं त्याच्या मुक्कामाचीही मर्यादा सांगून ठेविली. जो एकच रात्र राहतो, तोच खरा अतिथि होय. लोकव्यवहारानें ही मर्यादा थोडी सैल केली आणि म्हण पाडली कीं, पहिल्या दिवशीं पाहुणा, दुसऱ्या दिवशीं पै, तिसऱ्या दिवशीं राहील त्याची अक्कल गेली. घरचा यजमान ही म्हण मनांतल्या मनांत म्हणतो. राज्य हा यजमान मात्र ती कागदावर लिहून, वर शिक्का मारून, पाहुण्याच्या हातीं देतो. परदेशच्या नागरिकाला आपल्या भूमीवर किती दिवस राहूं द्यावें, हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राज्य स्वतःकडे राखून ठेवतें. राज्याचा पाहुणा हा अतिथि नव्हे. त्याच्या येण्याची तिथि नोंदलेली असते आणि जाण्याचीही ठरलेली असते.

एके काळीं हा विषय व्यापारी, मिशनरी आणि वकील यांच्यापुरता होता. आज तो सावेडींतल्या, संगमनेरांतल्या आणि श्रीरामपुरांतल्या साध्या घरांत शिरला आहे. मुलगा शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला, पुढें तिकडचाच नागरिक झाला. नातवंडें तर तिकडेच जन्मलीं. वडील अंथरुणाला खिळले कीं मुलगा धांवत येतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीनें तो घरचाच. विमानतळावरील अधिकाऱ्याच्या दृष्टीनें मात्र तो परक्या पासपोर्टाचा धनी. उलट बाजूनें, सुनेच्या बाळंतपणासाठीं आईवडील तिकडे जातात, तेव्हां परके पाहुणे तें ठरतात. घरांतलें आजारपण, बाळंतपण, वा लग्नकार्य यांचा सारा बेत अशा रीतीनें दिवसांच्या मोजणीवर येऊन ठेपतो.

ही मुदत कोणाच्या हातीं असते व ती नाकारली गेली असतां काय ओढवतें, याचें उदाहरण शोधण्यास नगरकरांस फार दूर जावें लागत नाहीं. नगर शहरांत ज्या अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं आपलें ठाणें घातलें, त्या मिशनचा आरंभच मुळीं मुक्कामाच्या परवान्याच्या भांडणानें झाला होता. १८१२ सालीं अमेरिकेंतून धर्मप्रचारकांची पहिली तुकडी कलकत्त्यास येऊन उतरली. त्या काळीं ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्यावांचून युरोप-अमेरिकेच्या मनुष्यास तिच्या मुलखांत राहतां येत नसे. त्यांतच त्याच वर्षीं इंग्लंड व अमेरिका यांच्यांत युद्ध जुंपलें. कंपनी सरकारनें या मंडळींस देश सोडण्याचा हुकूम केला.

या हुकमाची सर्वांत मोठी किंमत एका कोवळ्या मुलीनें दिली. सॅम्युएल न्यूवेल याची पत्नी हॅरिएट ही नवऱ्याबरोबर कलकत्त्याहून निघाली. समुद्रावरच तिला मूल झालें व तें दगावलें. आणि मॉरिशस बेटावर ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं तिनेंही प्राण सोडला. तेव्हां तिचें वय अवघें एकोणीस वर्षांचें होतें. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे मात्र १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस येऊन पोंचले. तेथेंही त्यांस इंग्लंडकडे रवाना करण्याचा हुकूम मागोमाग आलाच. ते किनाऱ्याकिनाऱ्यानें कोचीनपर्यंत निसटले. त्यांस परत आणण्यांत आलें. मुंबईचे गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांस त्यांनीं अर्जामागून अर्ज केले. दरम्यान पार्लमेंटानें १८१३ चा सनदी कायदा करून अशा लोकांसाठीं परवान्याची वाट उघडली, आणि अखेर त्यांस राहूं देण्यांत आलें. हॉल १८२६ सालीं याच महाराष्ट्रांत, दौऱ्यावर असतां, पटकीनें वारला.

त्या एका परवानगीचा परिणाम कोठवर पोंचला, तें पाहण्यासारखें आहे. याच मिशनची सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ सालीं मुंबईस आली आणि १८३९ पासून नगरास राहिली. तिच्या मुलींच्या शाळा पाहण्यास जोतीराव फुले नगरास आले होते. पुढें १८४८ सालीं पुण्यास त्यांनीं मुलींची शाळा काढली, हें सर्वविश्रुत आहे. फॅरारबाई १८६२ सालीं नगरासच निवर्तल्या. ज्या मंडळींस पंधरा वर्षांपूर्वीं धक्के मारून जहाजावर चढविण्याचा हुकूम निघाला होता, त्यांच्याच पंथांतील एका बाईनें नगरांत आपलें उभें आयुष्य काढलें. मनुष्य तोच, देश तोच. बदलला तो यजमानाचा कायदा.

पुढें १८६४ सालीं परकीयांसंबंधीं स्वतंत्र कायदा झाला आणि वाटेल त्या परकीयास देशाबाहेर जाण्याचा हुकूम देण्याची सत्ता सरकारनें आपल्या हातीं घेतली. शांततेच्या काळांत या सत्तेची आंच फारशी कोणास लागत नसे. परंतु १९१४ च्या ऑगस्टांत युरोपांत महायुद्ध पेटलें, आणि कालपर्यंत शेजारीं राहणारा जर्मन वा ऑस्ट्रियन मनुष्य एका रात्रींत शत्रूच्या राज्याचा प्रजाजन ठरला. अशा लोकांस स्थानबद्ध करण्यासाठीं जो मोठा तळ उभारला, तो नगरास. दक्षिणेंत शाळा, छापखाने आणि कौलांचे कारखाने चालविणाऱ्या बासल मिशनचे जर्मन पाद्रीही तारांच्या कुंपणाआड नगरास येऊन पडले. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं वर्षानुवर्षें या देशांत संसार केले होते. त्यांना ‘निघा’ असें कोणी म्हटलें नाहीं. उलट ‘निघूं नका’ असें म्हटलें. मुदत संपविणें जसें यजमानाच्या हातीं, तसें पाहुण्यास अडकवून ठेवणेंही त्याच्याच हातीं असतें, हें तेव्हां दिसून आलें.

दुसऱ्या महायुद्धांत तोच प्रकार पुन्हा घडला. हाइनरिख हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक १९३९ सालीं नंगा पर्वताची पाहणी करून परतीच्या जहाजाची वाट पाहत कराचीस थांबला होता. जहाज आलें नाहीं. ३ सप्टेंबर १९३९ चें युद्ध मात्र आलें. त्याची पहिली रवानगी नगरच्या तळावर झाली, नंतर देवळालीस आणि मग देहरादूनास. तेथून १९४४ सालीं तो निसटला व तिबेटांत पोंचला. त्याचें ‘तिबेटांतील सात वर्षें’ हें पुस्तक पुढें जगभर वाचलें गेलें. नगरचा किल्ला म्हटला कीं १९४२ च्या राजबंद्यांची व पंडित नेहरूंच्या ग्रंथाची आठवण होते, तें योग्यच आहे. परंतु त्याच गांवाच्या छावणीनें परक्या पाहुण्यांच्या मुदतीचा हा दुसरा अध्यायही पाहिलेला आहे.

स्वतंत्र भारतानें या बाबतींत बहुतेक जुनेच कायदे चालूं ठेविले : पासपोर्टासंबंधींचा १९२० चा, परकीयांच्या नोंदणीचा १९३९ चा आणि परकीयांविषयींचा १९४६ चा. तिन्ही दोन महायुद्धांच्या सावलींत जन्मलेले. १ सप्टेंबर २०२५ पासून ते रद्द होऊन त्यांच्या जागीं संसदेनें केलेला एकच नवा कायदा अंमलांत आला. नवा कायदा आला तरी मूळ तत्त्व तेंच राहिलें आहे, आणि तें नीट समजलें कीं निम्मा गोंधळ मिटतो.

तें तत्त्व असें. पासपोर्ट, व्हिसा आणि मुक्कामाची मुदत या तीन वेगळ्या वस्तू आहेत. पासपोर्ट मनुष्य कोणत्या राज्याचा हें सांगतो. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याचा परवाना. त्यावरील तारीख एवढेंच सांगते कीं, या दिवसापर्यंत दार ठोठावतां येईल. आंत आल्यावर किती दिवस बसावें, हें तिसरेंच कलम असतें. नाटकाच्या तिकिटावर प्रयोगाची तारीख असते; पण तें तिकीट हातीं आहे म्हणून प्रयोग संपल्यावर कोणास थिएटरांत बिछाना पसरतां येत नाहीं. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणजे दहा वर्षें राहण्याची मोकळीक मिळाली, असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांतही आढळतो, आणि तोच सर्वांत अधिक घात करतो.

भारतांत पर्यटनासाठीं किंवा नातलगांस भेटण्यासाठीं येणाऱ्या परदेशी नागरिकाच्या व्हिसावर, सलग मुक्काम ९० अथवा १८० दिवसांहून अधिक नसावा, अशा अर्थाचा शेरा असतो. कोणत्या देशाच्या नागरिकास किती, हें वेगवेगळें असतें. म्हणून शेजारच्या जांवयाला किती दिवस मिळाले यावरून आपल्या मुलाचा हिशेब करूं नये. त्याच्या कागदावरील शेरा वाचावा. नेपाळ व भूतान येथील नागरिकांची गोष्ट निराळी. त्यांस या देशांत येण्यास व्हिसा लागत नाहीं, आणि म्हणूनच शिर्डीच्या रांगेंत नेपाळी भाविक इतक्या सहजतेनें येऊन उभा राहतो.

१८० दिवस म्हणजे सहा महिने, हा दुसरा गैरसमज. पंचांग उघडून पाहावें. पहिल्या तारखेपासून कोणतेही सलग सहा महिने घेतले, तरी त्यांचे दिवस १८१ च्या खालीं येत नाहींत. मार्च ते ऑगस्ट घेतले तर ते १८४ भरतात. गणपतीच्या सुमारास १ सप्टेंबरला आलेला मुलगा ‘बरोबर सहा महिने’ राहून २८ फेब्रुवारीस परत निघाला, तर दोन्ही टोकें धरून त्याचे १८१ दिवस होतात. तिथीनें मोजणाऱ्या आजीबाईंचा हिशेब तर अधिक मासांत आणखीच चुकावयाचा. यासाठीं येण्याचा दिवस पहिला धरून, बोटांवर नव्हे तर दिनदर्शिकेवर दिवस मोजावेत, आणि परतीचें तिकीट चार-आठ दिवस राखून काढावें.

जो परकीय शिक्षण, नोकरी वा अन्य कारणासाठीं १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर राहण्यास येतो, त्यानें सामान्यतः आल्यापासून १४ दिवसांच्या आंत नोंदणी करावयाची असते. मुंबईसारख्या महानगरांत यासाठीं स्वतंत्र कार्यालय आहे. जिल्ह्यांत हें काम पोलीस अधीक्षकांकडे असतें. नोंदणीचे व मुदतवाढीचे अर्ज आतां संगणकाद्वारें करतां येतात. मुदतवाढ हा हक्क नसून ती एक मेहेरबानी आहे, हें मात्र विसरूं नये. तिचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीं जावा लागतो. वडिलांचें दुखणें बळावलें असेल, तर डॉक्टरांचा दाखला जोडून अगोदर केलेल्या अर्जाकडे अधिकारी ज्या नजरेनें पाहतो, त्या नजरेनें मुदत उलटल्यावरच्या विनवणीकडे तो पाहूं शकत नाहीं. मुदतीपलीकडे राहिल्यास नव्या कायद्यानें तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही सांगितले आहेत.

यजमानावरही एक कर्तव्य येतें. परदेशी पाहुण्यास उतरवून घेणाऱ्या हॉटेलानें, धर्मशाळेनें वा निवासगृहानें त्याची माहिती २४ तासांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. नगरजवळच्या अरणगांवीं मेहेरबाबांची समाधि आहे. ३१ जानेवारीच्या अमरतिथीस अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि इराण येथून भक्त तेथें येतात. त्यांच्या उतरण्याची व्यवस्था करणाऱ्यांस ही नोंद नित्याचीच असते. रुग्णालयें व शिक्षणसंस्था यांनाही नव्या कायद्यानें असेंच उत्तरदायित्व दिलें आहे. घरीं खोली देणाऱ्या गृहस्थानेंही ‘आपलाच माणूस’ म्हणून गप्प बसण्यापेक्षां जवळच्या पोलीस ठाण्यांत चौकशी करून घ्यावी, हें शहाणपणाचें.

परंतु जो जन्मानें भारतीय, ज्याची आई अजून सावेडींत वाट पाहते, त्यानेंही दिवस मोजीतच राहावें काय? येथें कायद्यानें एक वेगळी वाट ठेविली आहे. भारताचें नागरिकत्व व दुसऱ्या देशाचें नागरिकत्व एकदम बाळगतां येत नाहीं. दुसरें आपण होऊन स्वीकारलें कीं १९५५ च्या कायद्यानें पहिलें संपतें. (जो भारतीयच राहिला आहे, तो परदेशीं वीस वर्षें राहिला तरी केवळ त्या राहण्यामुळें जन्मजात नागरिकत्व गमावीत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.) परंतु अशा पूर्वीच्या भारतीयांसाठीं व त्यांच्या मुलानातवंडांसाठीं २००५ च्या दुरुस्तीनें ‘ओ. सी. आय.’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें कार्ड निघालें. हें ज्याजवळ आहे, त्यास आजन्म कितीही वेळां येतां येतें. कितीही दिवस राहिला तरी पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाहीं. त्याच्यापुरता १८० दिवसांचा प्रश्नच उरत नाहीं.

तथापि हें कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर मत देतां येत नाहीं, निवडणुकीस उभें राहतां येत नाहीं, सरकारी नोकरीही सामान्यतः मिळत नाहीं. धर्मप्रचार, संशोधन वा वृत्तपत्रव्यवसाय करावयाचा तर विशेष परवानगी लागते. राहात्याकडील ऊंसवाल्या कुटुंबांस महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हा कार्डधारक शेतजमीन विकत घेऊं शकत नाहीं. वडिलांमागें वारशानें आलेली मात्र त्याला ठेवतां येते.

लहान मुलांच्या बाबतींत तर हटकून चूक होते. अमेरिकेंत जन्मलेलें, तिकडचा पासपोर्ट असलेलें वर्षाचें मूल आजीच्या मांडीवर खेळत असतें, म्हणून तें कायद्यानें पाहुणा ठरत नाहीं असें नाहीं. आईबापांचा पासपोर्ट भारताचा असला तरी मुलाच्या व्हिसाचे दिवस मुलाच्याच नांवानें मोजले जातात. आईबापांपैकीं एक जरी भारतीय नागरिक असेल, तरी अशा अज्ञान मुलासाठीं तें कार्ड मागतां येतें. आणि मूल वर्ष-दोन वर्षें आजीआजोबांकडे राहावयाचें असेल, तर तें अगोदर काढावें हें उत्तम.

आतां गाडीचें तोंड फिरवूं आणि नगरहून निघालेल्या आजीआजोबांबरोबर जाऊं. अमेरिकेचा पर्यटन-व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो. परंतु प्रत्येक खेपेस किती दिवस राहावयाचें हें तेथील विमानतळावरचा अधिकारी ठरवितो व त्याची नोंद सरकारी यंत्रांत होते. सामान्यतः सहा महिने मिळतात. ती नोंद संगणकावर पाहून तिची प्रत काढून ठेवावी. व्हिसावरील दूरची तारीख पाहून निश्चिंत राहूं नये. मुदतवाढ हवी असेल तर अर्ज मुदतींतच जावा. एक दिवस जरी अधिक झाला तरी तो व्हिसा निकामी होतो. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून परतलेल्यास तीन वर्षें, आणि वर्षभर वा त्याहून अधिक राहिलेल्यास दहा वर्षें, पुन्हा प्रवेश मिळत नाहीं. सत्तरी गांठलेल्या आजीला दहा वर्षांची बंदी म्हणजे नातवाच्या मुंजीची, पदवीदानाची आणि कदाचित् शेवटच्या भेटीचीही बंदी होय.

युरोपांतील हिशेब आणखी वेगळा. जर्मनी, फ्रान्स इत्यादि २९ देशांनीं आपली वेस एक केली आहे. त्या सर्वांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें. जर्मनींत ४५ आणि फ्रान्सांत ४५ राहिलें तर ९० भरलेच. वेस ओलांडून एक दिवस बाहेर जाऊन आलें म्हणजे नवे ९० मिळतात, असें नाहीं. कारण आजच्या दिवसापासून मागें १८० दिवस मोजावयाचे असतात. जो १ जानेवारीपासून ३१ मार्चपर्यंत, साध्या वर्षीं ९० दिवस, राहून बाहेर पडला, त्याला ३० जूनपूर्वीं पुन्हा तेथें पाऊल ठेवतां येत नाहीं. येण्याचा व जाण्याचा, दोन्ही दिवस यांत धरतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागीं ही नोंद यंत्रें ठेवूं लागलीं आहेत. शिक्का पुसट उमटला ही सबब आतां चालणार नाहीं.

या साऱ्या नियमांत निष्ठुरपणा आहे, असें कित्येकांस वाटतें. आजारी बापाच्या उशाशीं बसलेल्या मुलास दिवस मोजावयास लावणें सुखाचें खचित नाहीं. परंतु हॅरिएट न्यूवेल हिच्या काळाशीं आजचा काळ ताडून पाहिला, तर एक मोठा फरक दिसतो. तिला किती दिवस मिळतील, हें सांगणारा कागद तिच्या हातीं नव्हता. हुकूम आला तेव्हांच तो कळला. आजच्या पाहुण्याच्या हातीं तो कागद असतो. त्यावरील मुदत थोडी असेल, पण ती लिहिलेली असते, आणि वेळींच मागितली तर कधीं कधीं वाढतेही. म्हणून ज्या घरीं परदेशचा पासपोर्ट येतो, किंवा ज्या घरून परदेशीं कोणी जातें, त्या घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर दोन तारखा शाईनें लिहून ठेवाव्यात : एक मुक्कामाची मुदत संपण्याची, आणि दुसरी तिच्या आधीं महिनाभराची, मुदतवाढीचा विचार करण्याची. नियम वेळोवेळीं बदलतात. तेव्हां निघण्यापूर्वीं त्या त्या सरकारचें ताजें पत्रक वाचावें. पाहुण्यानें दिवस ओळखून उठावें, हें आपल्या म्हणीनें पूर्वींच सांगून ठेविलें आहे. आणि जो मुदतींत उठतो, त्याच्यासाठीं दार पुन्हा उघडण्याची आशा राहते.